तुरीचं देणं

गौतमपुरा म्हटलं की आपल्याला आठवतं ते हिंगोट युद्ध. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि रुणजीचा ‘कलगी’ हे गट पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात आणि बघणारे मोबाईल सरसावून उभे! पुढच्या वेळी गेलात तर जरा शेतांकडेही बघा. सोयाबीन निघून गेलेलं असतं, गहू-हरभऱ्याची तयारी चाललेली असते. एखाद्या शेतात मात्र तुरीच्या ओळी अजून हिरव्यागार उभ्या असतात. हा लेख त्या ओळींबद्दल आहे.

माळव्यात सोयाबीन पसरलं ते १९७० नंतर. त्याआधी इथल्या काळ्या मातीत ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद अशी पिकं बरेचदा एकाच शेतात शेजारी-शेजारी पेरली जात. महाराष्ट्रातही ज्वारीत किंवा कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची चाल जुनी आहे. याला मिश्र पीक किंवा आंतरपीक म्हणतात.

ज्वारी आणि तूर यांचं जमतं कसं? ज्वारी झपाट्याने वाढते. तूर पहिले दोन महिने अगदी सावकाश. ज्वारीची मुळं वरच्या थरात पसरतात, तुरीचं सोटमूळ खोल जातं. त्यामुळे पाण्यासाठी भांडण कमी. ज्वारी कापली की ऊन मोकळं होतं आणि मग तूर फोफावते. पाऊस लवकर गेला, तरी दोन्हीपैकी एक पीक हाती लागण्याची आशा राहते. हरभऱ्यात ज्वारीची तुरळक ताटं ठेवली, तर त्यांवर पाखरं बसतात आणि घाटेअळ्या टिपतात.

तुरीच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडतात. आपल्याला वाटतं, तूर हा नत्र लगेच शेजारच्या ज्वारीला देते. तसं फारसं होत नाही. गळलेली पानं आणि मुळं कुजली की तो मातीत उतरतो, आणि त्याचा खरा फायदा होतो पुढच्या पिकाला. म्हणजे घेणारा ज्याने दिलं त्याला परत करत नाही. देणं पुढे सरकतं.

उत्तर अमेरिकेतले होडेनोशोनी लोक मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आणि त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणत. मका वेलाला आधार देतो, घेवडा नत्र धरतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. इतक्या दूर, पण समज तीच.

१९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काम करणारे शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या शेतकऱ्यांना आपले प्राध्यापक मानत. त्यांची कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आपण इंदुरात राहून किती जण ओळखतो?

अर्थात कुठलीही दोन पिकं एकत्र लावली की झालं, असं नाही. दोघांची घाई एकाच वेळची असेल, तर दोघंही खुरटतात. मिश्र शेतात यंत्राने कापणी करणंही अवघड जातं, म्हणून शेतकरी एकाच पिकाकडे वळला. त्याला दोष देता येणार नाही. पण सगळं शेत सोयाबीनचं असलं आणि त्यावर रोग पडला, तर वर्षच हातचं जातं. म्हणूनच कृषिशास्त्रज्ञ आज सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी सुचवतात.

आपल्या मंडळातही हेच चालतं ना? सीनियरने दिलेल्या नोट्स आपण त्याला कधी परत करत नाही. त्या ज्युनियरला देतो. द्यायला मात्र विसरू नका!