नोकरी सांभाळून आगोट

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या नोकरदार घराची घडी विस्कटते ती बहुधा जूनमध्ये. शाळा सुरू होते, कपडे वाळत नाहीत, वीज जाते, बाजारात ताजी मासळी मिळेनाशी होते आणि दिवसभर थकून आलेल्या माणसाला संध्याकाळी हे सगळे निस्तरत बसावे लागते. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे तो आगोटीचा, म्हणजे पावसाच्या तोंडावर चार महिन्यांची साठवण आणि घराची डागडुजी उरकण्याचा. घरातले सगळेच नोकरी करत असतील तर ही आगोट रविवारांवर वाटून घ्यावी लागते.

आधी शेवटची तारीख ठरवा. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो हा आपला हिशेब, पण २०२५ मध्ये तो २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले ते वेगळेच. म्हणून १५ मे ही शेवटची तारीख धरा आणि तिथून मार्चअखेरपर्यंत मागे मोजत एकेका रविवारी एकच काम लावा.

मग यादी करा. तिचे तीन भाग पाडावेत: उन्हाची कामे, घराची कामे, विकत आणायच्या वस्तू. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचे नाव हवे. नाव नसलेले काम शेवटी घरातल्या एकाच बाईच्या डोक्यावर येते, आणि तीही नोकरीला जाते हे सगळे विसरतात. कौले बघणे पुरुषांचे आणि डबे भरणे बायकांचे, असेही काही नाही.

उन्हाची कामे पहिल्यांदा घ्या. घरी काय करायचे आणि विकत काय घ्यायचे, हे इथेच ठरते. सोलांसाठी, म्हणजे आमसुलांसाठी, रातांब्याच्या साली त्यांच्याच खारट रसात पुन्हा पुन्हा बुडवून काही दिवस वाळवाव्या लागतात. दुपारी घरी कोणी नसेल तर हे जमायचे नाही. सोलां आणि आगळ, म्हणजे मीठ घातलेला रातांब्याचा रस, बचतगटाकडून घ्या. यात कमीपणा काही नाही.

मसाला मात्र सुटीच्या दिवसांत बसतो. एका रविवारी मिरच्यांना कडकडीत ऊन द्या, पुढच्या रविवारी बाकीचे जिन्नस भाजून गिरणीत नेऊन दळून आणा. चूक होते ती भरताना. गिरणीतून आलेला मसाला गरम असतो. तो तसाच बरणीत कोंबला की आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि जुलैत बुरशी येते. कागदावर पसरून पूर्ण निवू द्या. मोठी बरणी बंद ठेवा आणि रोजच्यासाठी लहान बाटली भरा. ओला चमचा दोन्हींत नको.

यानंतर सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा सुके बांगडे आणि सुकट घरात हवीच. बाजारातून आणलेली मासळी वाळलेली दिसली तरी तिला पुन्हा ऊन द्या, बांगड्यांची डोकी काढा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डबा तांदूळ, पीठ आणि चहापासून लांब ठेवा, नाहीतर पुढे चहालाही बांगड्याचा वास येतो.

आता घर. पन्हळीतला पाला काढा, सरकलेली कौले बसवून घ्या आणि पडवीला झडीच्या, म्हणजे वाऱ्याने आत येणाऱ्या पावसाच्या, बाजूने ताडपत्री बांधा. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. भिंतीला चिकटलेल्या कपाटात मागून ओल शिरते, आणि त्यातच आपली जमिनीची कागदपत्रे असतात.

विजेच्या फलकावर आरसीसीबी आहे का पाहा. वीज ओलीतून किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की पुरवठा तोडणारी ही कळ. तिच्यावरचे चाचणीचे बटण दाबले की ती पडली पाहिजे. पडली नाही तर वायरमनला लगेच बोलवा.

पाऊस लागला की आठवड्याची पाळी सुरू होते. आपल्या स्वयंपाकात निम्मा वेळ जातो तो वाटपात, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्यात. भाजक्या कांदाखोबऱ्याचे वाटप रविवारी करून, निववून, एका जेवणापुरत्या लहान डब्यांत भरा. दोन-तीन दिवसांचे फ्रिजमध्ये ठेवा, उरलेले फ्रीझरमध्ये. एकच मोठा डबा गोठवला की तो रोज वितळवून परत ठेवला जातो आणि आंबतो. कच्च्या ओल्या खोबऱ्याचे वाटप टिकत नाही, ते त्याच दिवशी करा. वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नका. बंद दारात चारेक तास अन्न नीट राहते.

रोज रात्री पंधरा मिनिटे पुरतात. उद्याचे कपडे पंख्याखालच्या दोरीवर टाका, पाणी भरा, मोबाइल चार्जिंगला लावा आणि बॅटरी ठरल्या खुंटीवर आहे ना ते बघा. दोरीवर आधी कामाचे आणि शाळेचे कपडे, चादरी उघाडीच्या दिवशी.

गणपतीची रजा मात्र जूनमध्येच मागून ठेवा. चतुर्थी जवळ आली की कार्यालयातला प्रत्येकजण तीच रजा मागत असतो.

यंदा एवढे सगळे जमणार नसेल तर तीनच कामे करा: यादीतल्या प्रत्येक कामापुढे नाव लिहा, मसाला निववून भरा आणि आरसीसीबीचे बटण दाबून बघा. बाकीचे पुढच्या वर्षी करता येईल.