गच्ची कोणाची?

आमच्या सामरवरणीत कारखान्यांपाठोपाठ बहुमजली घरे आली आणि मृगाच्या पावसाबरोबर तंटाही आला : गच्ची गळते, तर खर्च कोणी सोसावा? वरच्या बिऱ्हाडाने, असे खालची मंडळी म्हणतात. शेजारच्या महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी निराळे सांगतात. गच्चीतून पाऊस झिरपून वरच्या घराचे छत बिघडले, तर दुरुस्ती संस्थेने करावयाची. घराच्या आतील इतर डागडुजी मात्र ज्याची त्याने. आम्हांस हे न्याय्य वाटते. झिरपलेले पाणी काँक्रीटमधील लोखंड गंजविते, गंजलेले लोखंड फुगून काँक्रीट फोडते आणि खांब दुबळे होतात. मुंबईत तर ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अभियंत्याकडून तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. खांब काही वरच्या मजल्यापासून सुरू होत नाहीत!