शस्त्रक्रियेनंतर पोट आंतून चिकटूं नये म्हणून

पाळीच्या वेळच्या असह्य वेदनेला ‘हें सोसायचेंच असतें’ असें उत्तर आपल्या घरांतून पुष्कळदां मिळतें. त्या वेदनेमागें कधीं कधीं एंडोमेट्रिऑसिस हा विकार असतो. त्यांत गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, उदराच्या आवरणावर, प्रसंगीं आतड्यांवरहि वाढतात. औषधांनीं भागलें नाहीं, म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु रोग काढला, तरी त्याच जागीं अवयव एकमेकांस चिकटण्याचा धोका राहतो. तो टाळावा कसा, तें आज पाहूं.

गर्भाशय, अंडाशय व आतडीं एका तलम, ओलसर आवरणामुळें एकमेकांवरून सहज सरकतात. या आवरणास जखम झाली, कीं कांहीं तासांतच तेथें फायब्रिन नांवाचा रक्तांतील तंतुमय पदार्थ जमतो; जणु ताजी खळच लावली. एरव्हीं शरीर ही खळ थोड्याच दिवसांत स्वतः विरघळवितें. परंतु तेथें रक्त सांचलें, नाजूक भाग भाजला किंवा सुकला, तर ही शक्ति क्षीण होते. मग त्या खळींत नवे तंतु व रक्तवाहिन्या शिरून कायमचा पट्टा तयार होतो. अंडाशय व बीजवाहिनी त्यांत जखडल्यास गर्भधारणेंत अडथळा येतो; आतडें अडकल्यास प्राणावर बेततें.

म्हणून प्रतिबंधाचें काम मुख्यतः शस्त्रक्रियेच्या वेळींच व्हावें लागतें. हळुवार हाताळणी, रक्तस्राव पूर्ण थांबविणें, आंतील भाग ओले ठेवणें, हीं त्याचीं पहिलीं सूत्रें. हातमोज्यांवरील भुकटीचे कणहि चिकटण्यास कारण होतात. अमेरिकेनें अशा मोज्यांवर २०१७ सालीं बंदी घातली. याखेरीज सेल्युलोजची विरघळणारी जाळी जखमेवर अंथरतां येते, किंवा आयकोडेक्स्ट्रिनचें ४ टक्के द्रावण पोटांत सोडतां येतें. जखम भरेपर्यंत अवयवांना वेगळें ठेवणें, हें त्यांचें काम. मात्र रक्तस्राव थांबलेला नसेल, तर जाळीचा उपयोग होत नाहीं. या साधनांनीं चिकटण्याचें प्रमाण घटूं शकतें. वेदना कमी होतेच किंवा गर्भ राहतोच, असें सिद्ध झालेलें नाहीं.

प्रत्येक नवी शस्त्रक्रिया नव्या पट्ट्यांना वाव देते. यासाठीं पहिलीच नीट योजून करावी. संततीची इच्छा आहे काय, पूर्वीं पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, हें शस्त्रवैद्यांस आधींच सांगावें. चिकटणें टाळण्यासाठीं काय योजलें आहे, हें निःसंकोच विचारावें. नंतर देण्यांत येणारीं संप्रेरकें रोग पुन्हा उद्भवूं नये म्हणून असतात. तयार झालेला पट्टा त्यांनीं विरघळत नाहीं, आणि कोणत्याहि काढ्यानेंहि नाहीं.

पुढें वर्षांनींहि पोट फुगलें, सारखी ओकारी होऊं लागली, वारा व शौच बंद झाले, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि घरांतील मुलीनें पाळीच्या दुखण्याची तक्रार केली, तर तिला सोसण्याचा उपदेश न करतां वेळींच वैद्यांकडे न्यावें.