मधमाशीपालन शिकावे कसे?

नांदेड-लातूरकडे पाण्याच्या टाकीखाली किंवा जुन्या वडाच्या फांदीला आग्यामोहोळ लागले, की लोक दोनच गोष्टी विचारतात : जाळायचे केव्हा, आणि मध किती निघेल? रात्री टेंभे पेटतात, माशा होरपळून खाली पडतात, पोळे पिळले की पिलांच्या रसासकट मध पातेल्यात उतरतो. मोहोळ उठले तर पळावे आणि बसले तर जाळावे, यापलीकडे आपली ही विद्या फारशी गेलेली नाही. ती पुढे कशी न्यावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी माशांची ओळख करून घेऊ. आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. झुडपात लहानसे पोळे करणारी फुलोरीही पेटीची नव्हे. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. म्हणून ती पेटीत नांदू शकते. चौथी युरोपीय माशी, म्हणजे मेलिफेरा. १९६० नंतरच्या दशकात ती कांगड्याकडे नगरोट्यास रुजली आणि तेथून देशभर पसरली.

पेटीचे मर्म एका फटीत आहे. १८५१ साली लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याच्या ध्यानात आले, की दोन पोळ्यांमध्ये ये-जा करण्यासाठी सुमारे ८ मिलिमीटरची वाट ठेवली, तर माशा ती मेणाने वा डिंकाने बुजवीत नाहीत. मग त्याने पोळी सुट्या चौकटींत टांगली. चौकट अलगद उचलावी, मधयंत्रात फिरवून मध काढावा आणि रिकामे पोळे माशांना परत द्यावे. जाळणे नाही, पिळणे नाही. खालच्या कोठीतल्या पिलांना धक्का लागत नाही आणि वरच्या कोठीतला मध स्वच्छ मिळतो.

हे सारे पुस्तकात असते. आम्हीही ते वाचले होते. चार-सहा दिवसांचे शिक्षणही घेतले आणि मित्रांनी मिळून मोठ्या हौसेने पेट्या आणल्या. मग काय केले? दर चौथ्या दिवशी पेटी उघडून राणी शोधू लागलो! राणी काही सापडेना. चौकटी उन्हात धरून आम्ही घामाघूम, माशा संतप्त, पिले कोरडी. वैशाखात पेटी रिकामी झाली आणि पोळ्यांत मेणकिड्याची जाळी लागली. आम्ही दोष दिला पेटीला, उन्हाला, पेटी देणाऱ्याला. स्वतःला मात्र दिला नाही.

पुढल्या हंगामात एका जुन्या मधपाळाशेजारी उभे राहण्याचा योग आला. ते म्हणाले, “राणी कशाला शोधता? अंडी बघा.” त्यांनी सूर्य पाठीशी घेतला आणि चौकट किंचित कलती धरली. घराच्या तळाशी बारीक पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा उभा करावा, तसे अंडे दिसले. अंडे तीन दिवसांत फुटते. तेव्हा अंडे दिसले, की गेल्या तीन दिवसांत राणी येथे होती हे सिद्ध झाले. मग तिला पाहायचे कारण उरत नाही. पाच मिनिटांत पेटी बंद! अंडे घराच्या तळाशी असते हे आम्हांला तोंडपाठ होते. पण डोळ्यांना ते कोणी दाखवलेले नव्हते.

फ्रान्स्वा ह्युबेर हा जिनीव्हाचा संशोधक आंधळा होता. सेवकाच्या डोळ्यांनी पोळे पाहून त्याने १७९२ मध्ये मधमाश्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो आजही मानला जातो. ही विद्या मुळातच सोबतीची आहे.

सोबतीचा दुसरा लाभ याहून मोठा आहे. समजा, तुमची राणी मेली आणि पेटीत कोवळी पिलेही उरली नाहीत. एकच पेटी असेल तर ती वसाहत संपली. पण शेजाऱ्याकडे त्याच जातीच्या माशांची पेटी असली, तर त्याने अंड्यांची व कोवळ्या पिलांची एक चौकट द्यावी. त्यांतल्याच एखाद्या पिलाला खास खाद्य देऊन माशा नवी राणी घडवितात. उसन्या विरजणाने दही लागावे, तशी उसन्या चौकटीने वसाहत वाचते. हे विरजण दुकानात मिळत नाही, मंडळात मिळते.

महाबळेश्वराची गोष्ट याच कारणाने लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे १९४६ पासून या धंद्याच्या प्रसाराचे सरकारी काम चालू आहे. पुण्यास १९६२ मध्ये केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. पण महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ ठरले, ते केवळ कचेरीमुळे नव्हे. तेथे घराशेजारच्या घरात पेटी आहे, आणि मुलगा बापाशेजारी उभा राहून शिकतो.

मराठवाड्याला महाबळेश्वराची झाडी नाही. म्हणून येथे सोबत अधिकच हवी. आपले पंचांग निराळे. पावसाळ्यानंतर तूर फुलते, थंडीत करडई व धने, चैत्रात कडुनिंब व करंज. सूर्यफुलाचे रान पूर्वी विपुल होते. आता त्याची बरीच जागा सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीनचे परागीभवन बहुतांशी आपल्या आपण होते. सूर्यफुलाला मात्र दाणा भरण्यासाठी माशी हवी. कोठे काय फुलले, कोणत्या शिवारात फवारणी आहे, ही खबर एकट्याला लागत नाही. दहा जणांना लागते. फवारणी संध्याकाळी करा, असे शेतकऱ्याला दहा जणांनी सांगितले तर तो ऐकतो.

उन्हाळा ही खरी परीक्षा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलो नाही. माशीही पाणी वाहून आणते आणि पोळे गार ठेवते. पेटीला दाट सावली, जवळ उथळ पाणी व त्यात बसायला खडे, मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि फुलोरा संपला की साखरपाणी : एवढे सांभाळले तर पेटी वैशाख काढू शकते. डंख बसला तर नखाने खरवडून तत्काळ काढावा. मात्र अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास अडला, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येकाने पेटी घेण्याची घाई करू नये. आठ-दहा जणांनी मिळून दोन पेट्या ठेवाव्या, ठरल्या वारी उघडाव्या, जे दिसले ते एका वहीत लिहावे, आणि वर्षभराचे फुलांचे पंचांग पाहून झाल्यावरच स्वतंत्र पेटीचा विचार करावा. एरव्ही २० मे हा जागतिक मधमाशी दिन येतो आणि भाषणांत जातो. भाषण ऐकून माशी कळत नाही, हा लेख वाचूनही कळणार नाही. वाचकाने एकदा उघड्या पेटीपाशी, सूर्य पाठीशी घेऊन, कोणा जाणत्याशेजारी उभे राहावे. तेथे ते पहिले अंडे दिसले, की पुन्हा मोहोळ जाळायला त्याचा हात उठणार नाही.