चौकोनांत मावणारी अक्षरे

रेल्वे स्थानकावरचा इलेक्ट्रॉनिक फलक तुम्ही जवळून पाहिला आहे का? त्यावरचे प्रत्येक अक्षर ठिपक्यांचे असते. संगणकाच्या पडद्यावरील अशा ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एकाच घडणीच्या अक्षरांचा संच म्हणजे फॉन्ट.

पिक्सेलचा फॉन्ट प्रथम आलेख कागदावर काढता येतो. एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. सुझन केअर यांनी १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकासाठी असे फॉन्ट तयार केले. त्याच संगणकावरील चित्रचिन्हांचे आराखडे त्यांनी चौकोनांच्या वहीत काढले होते.

कागदावरचे अक्षर संगणकात उतरवण्यासाठी सॉफ्टवेअर लागते. ते निवडण्यापूर्वी आपली लिपी नीट पाहावी. इंग्रजीतील मोठा 'ए' ५ चौकोन रुंद व ७ चौकोन उंच जागेत मावतो. मराठीला एवढी जागा पुरत नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा व वेलांटी, तर अक्षराखाली उकार येतो. उर्दूतील 'बे' शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटा असताना वेगवेगळा दिसतो. 'बे'खाली एक नुक्ता असतो, 'पे'खाली तीन. जागेअभावी नुक्ते एकमेकांना चिकटले, तर 'पल'चे 'बल' होते! नस्तालीकमध्ये शब्द तिरपा उतरतो, म्हणून उंची जास्त लागते. लहान जागेत सरळ ओळीवरची नस्ख सोयीची पडते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना तीन प्रश्न विचारावेत. अक्षराची उंची आपल्याला ठरवता येते का? एका अक्षराची अनेक रूपे आणि ती जोडण्याचे नियम देता येतात का? आपले काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते का?

२००८ साली सुरू झालेले 'फॉन्टस्ट्रक्ट' शिकायला सोपे आहे. त्यात ठोकळे मांडून अक्षर तयार करतात. अंक व इंग्रजी अक्षरांपासून सुरुवात करण्यास ते चांगले. 'फॉन्टफोर्ज' मोफत मिळते. ते शिकायला वेळ लागतो. पण त्यात अक्षरे जोडण्याचे नियम देता येतात. मराठी आणि उर्दूसाठी तेच महत्त्वाचे आहे.

सॉफ्टवेअर हे केवळ साधन आहे. कोणता चौकोन भरायचा आणि कोणता रिकामा ठेवायचा, हे आपल्यालाच ठरवावे लागते. वाचणारा अडखळला नाही, तरच अक्षर साधले.

स्वाध्याय
१. मराठी अक्षरांना जास्त उंची का लागते?
२. नुक्ते चिकटल्यास काय होते? उदाहरण द्या.
३. आलेख कागदावर १६ चौकोन उंचीत आपले नाव मराठीत व उर्दूत लिहा. ते मित्राला थोड्या अंतरावरून वाचायला सांगा.