पितो एक, सोसतं घर

गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या तरुणांवर अनिल अवचटांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६मध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. धुरा सांभाळली मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी.

उपचार फक्त रुग्णावर करून भागत नाही.

म्हणून व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी इथे ‘सहचरी’ गट आहे. नवऱ्याची उधारी परस्पर फेडणं, तो कामावर का आला नाही याची खोटी कारणं साहेबांना देणं. अशा सांभाळून घेण्यानं व्यसनच पोसलं जातं, हे या गटात उमजतं. आपली झोप, औषधपाणी आणि मुलांची शाळा जपणं हाही उपचारांचाच भाग.

मानसिक त्रासाबद्दल बोलायचं असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. रुग्णाच्या कुटुंबीयांनीही तिथे जरूर फोन करावा.