नऊ नंबरची जर्सी

रग्बी युनियनच्या पंधराजणांच्या संघात नऊ नंबरची जर्सी हाफबॅकची असते. इंग्लंड-वेल्समध्ये त्याला स्क्रम-हाफ म्हणतात. एक ते आठ नंबरचे धिप्पाड फॉरवर्ड अंगमेहनतीने चेंडू मिळवतात, दहा ते पंधरा नंबरचे बॅक तो घेऊन धावतात, आणि या दोन टोळ्यांच्या मधोमध बहुधा संघातला सर्वांत लहान चणीचा गडी उभा असतो. दोन्ही संघांचे आठ-आठ फॉरवर्ड डोके खाली घालून एकमेकांना भिडले की त्या स्क्रममध्ये चेंडू सोडायचा तो यानेच, आणि मागच्या पायांतून बाहेर आलेला उचलायचा तोही यानेच. रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, पास आडवा किंवा मागे द्यावा लागतो. त्यामुळे हाफबॅकला वाकलेल्या अवस्थेतून, जमिनीवरूनच, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटर लांब पास देता यावा लागतो. पास द्यायचा, उंच लाथाडायचा की स्वतःच मुसंडी मारायची, हे ठरवायला त्याला सेकंदभरही मिळत नाही आणि समोरचा बचावपटू तोवर अंगावर आलेला असतो.

वेल्सचा गॅरेथ एडवर्ड्स 1967 ते 1978 या काळात देशासाठी ओळीने 53 कसोटी सामने खेळला, एकही न चुकवता. सतत मार खाणाऱ्या या जागेवर असे सातत्य विलक्षणच म्हणायचे. झांबियात जन्मलेला जॉर्ज ग्रेगन ऑस्ट्रेलियाकडून 139 कसोटी खेळला. फ्रान्सच्या हाफबॅक आंत्वान द्युपाँने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सातजणांच्या रग्बीचे सुवर्णपदक मिळवले.

भारतात हा खेळ दीडशे वर्षांपूर्वीच आला. 1872च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रजांनी सामना खेळला आणि पुढच्या वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण बंगालच्या उकाड्यात टेनिस आणि पोलो अधिक सोसवत होते, सभासद पुरवणारी पलटण निघून गेली आणि क्लब बंद पडला. उरलेले चांदीचे रुपये बँकेतून काढून, वितळवून त्यांचा चषक घडवण्यात आला. त्याला तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती आहे. 1878मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट दिला गेला आणि 1879पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजत आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय रग्बी चषकाचे नाव 'कलकत्ता कप' असावे आणि भारताचा स्वतःचा संघ मात्र तब्बल सव्वाशे वर्षांनी मैदानात उतरावा, ही गोष्ट भारतीय रग्बीबद्दल बरेच काही सांगून जाते.

मुंबईत हा खेळ टिकला तो बॉम्बे जिमखान्यामुळे. 1875मध्ये स्थापन झालेला हा जिमखाना आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला आहे. हार्बर मार्गाने पनवेलहून सीएसएमटीला उतरणाऱ्याला तिथवर पायीच जाता येते. 1933मध्ये भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना याच हिरवळीवर झाला. पावसाळ्यात क्रिकेट थांबले की तिथे रग्बी सुरू होते. जमीन मऊ झालेली असते आणि पडणाऱ्याला चिखल सांभाळून घेतो. मात्र अनेक दशके हा खेळ क्लबचे सभासद, लष्कर आणि मोजक्या शाळा-कॉलेजांपलीकडे फारसा गेला नाही.

अभिनेते राहुल बोस यांची रग्बीतली कारकीर्द याच वातावरणात घडली. त्यांचा जन्म 27 जुलै 1967चा. आपण निम्मे बंगाली, पाव पंजाबी आणि पाव महाराष्ट्रीय असल्याचे ते सांगतात. मुलाला बॉक्सिंग आणि रग्बीकडे वळवले ते त्यांच्या आईने. मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत ते रग्बी खेळले आणि बॉक्सिंगमध्ये पश्चिम भारत स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. पुढे सिडनहॅम कॉलेज, जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याची नोकरी आणि 1994मध्ये 'इंग्लिश, ऑगस्ट' हा चित्रपट. पडद्यावरची ओळख पक्की होत असतानाच 1998मध्ये भारताचा पहिला राष्ट्रीय रग्बी संघ आशियाई स्पर्धेत उतरला. त्या संघात बोस होते. भारताकडून ते स्क्रम-हाफ आणि उजवा विंगर अशा दोन्ही जागांवर खेळले.

या दोन जागांचा पिंड वेगळा आहे. विंगर मैदानाच्या कडेला वाट पाहतो आणि संधी मिळाली की सुसाट सुटतो. स्क्रम-हाफच्या हातून चेंडू सामनाभर जात राहतो. दोन्ही निभावणाऱ्याकडे पायांचा वेग आणि डोक्याचा वेग, दोन्ही असावे लागतात. त्यातच चेहऱ्यावर पोट असलेल्या नटाने स्क्रम-हाफची जागा पत्करणे म्हणजे रोज नाक आणि दात पणाला लावणे. 2008मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पुढच्या हंगामात आपण संघात नसू असे त्यांनी जाहीर केले. पैसा आणि प्रेक्षक दोन्ही नसलेल्या खेळाला एखाद्याने उमेदीची दहा वर्षे द्यावीत, याचे मोल जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येवर ठरवू नये.

दरम्यान खेळ कुंपणाबाहेर पडू लागला होता. जिमखान्यात रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी बाहेरच्या फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवरून सराव पाहणाऱ्या मुलांना आत बोलावले. त्यातूनच 1999मध्ये 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली. भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतल्या आदिवासी मुलांनी 2007मध्ये लंडनमधली चौदा वर्षांखालील स्पर्धा जिंकली. पुण्याच्या नेहा परदेशी आणि वाहबिझ भरुचा यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. 2018मध्ये महिलांचा पंधराजणींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि 2019मध्ये मनिला येथे सिंगापूरला 21-19 असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला.

पनवेल, पेण, अलिबागच्या गावागावांत रग्बी नवखी असली तरी तिला लागणारे बरेचसे कसब जुनेच आहे. कबड्डीतली कंबरेची पकड, निसटताना दिलेली हुलकावणी, माती-चिखलात पडून लगेच उठणे, हे सारे हाफबॅकच्या रोजच्या कामाचे आहे. रग्बीत खांद्याच्या वर पकड करता येत नाही. खाली वाकून पाय धरायची सवय असलेल्या कबड्डीपटूला हा नियम जड जाऊ नये. नव्याने शिकावे लागते ते पासचे तंत्र. अंडाकृती चेंडू फिरकी देऊन सरळ पाठवायला रोजच्या सरावाची वर्षे जातात, आणि ते लहानपणीच सुरू झाले तर बरे.

2021मध्ये राहुल बोस भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले. आज भर सातजणांच्या रग्बीवर आहे, कारण 2016पासून ऑलिंपिकमध्ये तीच आहे. तिथे स्क्रम तीन-तीन फॉरवर्डांचा असतो, चेंडू आत सोडणारा हाफबॅक मात्र कायम आहे. जून 2025मध्ये मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात, पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ होते आणि भारतीय खेळाडूंना नावाजलेल्या परदेशी खेळाडूंच्या बरोबरीने खेळायला मिळाले. अंतिम सामना चेन्नई बुल्सने जिंकला.

सातजणांच्या खेळाला माणसे कमी लागतात, पण मैदान पूर्ण लांबी-रुंदीचेच लागते. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत शंभर मीटर लांब, सत्तर मीटरपर्यंत रुंद आणि पडल्यावर हाड मोडणार नाही इतके मऊ. इमारतींनी वेढत चाललेल्या पनवेलसारख्या शहरात शाळेतल्या पोरांसाठी एवढी हिरवळ राखणे हे प्रशिक्षक शोधण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते नगरनियोजनाच्या टप्प्यावरच करावे लागते.